सूर्यावरच्या एकाच ॲक्टिव्ह रिजनकडे दुर्बिणी आणि यानं एकाच वेळी कशी वळवायची

ॲक्टिव्ह रिजन म्हणजे सूर्यावरची अशी जागा जिथे आतून जोरदार चुंबकीय क्षेत्र वर आलेलं असतं. खाली काळे डाग दिसतात, वर लाखो अंश तापलेल्या लूप्स दिसतात आणि बहुतेक मोठे फ्लेअर (ऊर्जेचे अचानक स्फोट) तिथूनच फुटतात. आता अडचण अशी की ह्या सगळ्या थरांत काय चाललंय ते एका दुर्बिणीला कधीच दिसत नाही. फोटोस्फिअरचं, म्हणजे दिसणाऱ्या पृष्ठभागाचं, चुंबकीय क्षेत्र दृश्य आणि जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशातल्या रेषांवरून मोजतात, त्याच्या वरच्या क्रोमोस्फिअरसाठी एच-अल्फा, कॅल्शियम किंवा अल्ट्राव्हायोलेटमधल्या मॅग्नेशियमच्या रेषा लागतात, आणि सगळ्यात बाहेरच्या कोरोनासाठी एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रे. अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रे वातावरण अडवतं म्हणून यान लागतंच. दुसरीकडे हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या डीकेआयएसटी ह्या सौर दुर्बिणीसारखा ४ मीटरचा आरसा सूर्यासाठी अजून कोणी वर पाठवलेला नाही, त्यामुळे बारीक तपशील हवा तर जमिनीवर यावंच लागतं. म्हणून मग कॅम्पेन करायचं, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या दुर्बिणी आणि यानं ठरवून एकाच जागेकडे एकाच वेळी बघतील अशी व्यवस्था लावायची.

हे कसं उभं करायचं ते इथे पहिल्यापासून सांगतोय. पीएचडीला नुकतेच लागलेले, डेटा वापरणारे पण कधी ऑब्झर्व्हेशन न मागितलेले आणि हे सगळं आतून कसं चालतं ह्याची उत्सुकता असलेले, सगळ्यांसाठी आहे. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: प्लॅन नेहमी सगळ्यात हळू हलणाऱ्या भागीदाराभोवती बांधायचा. ज्याला निर्णय सगळ्यात आधी घ्यावा लागतो आणि नंतर बदलता येत नाही त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे बाकीच्यांनी जायचं. उलटं केलं की कॅम्पेन कागदावर छान दिसतं आणि प्रत्यक्षात प्रत्येकजण वेगळ्याच जागेचा डेटा घेऊन बसतो.

आधी प्रश्न, मग दुर्बिणींची यादी

"फ्लेअर बघायचाय" हा प्रश्न नाही. "फ्लेअरच्या आधी पोलॅरिटी इन्व्हर्जन लाइनवर (विरुद्ध चुंबकीय ध्रुवांच्या भागांमधल्या सीमेवर) क्रोमोस्फिअरमध्ये काय हालचाल होते" हा प्रश्न आहे, कारण ह्यातून लगेच कळतं की तुम्हाला व्हेक्टर मॅग्नेटोग्राम (चुंबकीय क्षेत्राचा दिशेसकट नकाशा) लागेल, क्रोमोस्फिअरचा स्पेक्ट्रम लागेल, आणि फ्लेअर सुरू व्हायच्या आधीचे काही तास सलग लागतील. प्रश्न असा टोकदार झाला की मग प्रत्येक उपकरण का हवंय ते एका वाक्यात लिहून बघा. ज्याच्यासाठी वाक्य सुचत नाही ते काढून टाका. भागीदार वाढले की एकत्र वेळ मिळायची शक्यता कमी होत जाते, त्यामुळे तीन-चार नीट निवडलेली उपकरणं हा बरा आकडा.

काही उपकरणांना तर विचारावंही लागत नाही. एसडीओ हे यान २०१० पासून पूर्ण सूर्यबिंब सतत टिपतंय, त्यातलं एआयए दर १२ सेकंदांनी कोरोनाच्या इमेजेस घेतं, एचएमआय दर ४५ सेकंदांनी लाइन-ऑफ-साइट (फक्त आपल्या दिशेच्या घटकाचा) मॅग्नेटोग्राम देतं आणि १२ मिनिटांचा व्हेक्टर मॅग्नेटोग्रामही. जगभर सहा ठिकाणी बसवलेलं गाँग नेटवर्क, ज्यात उदयपूरही आहे, तेही पूर्ण बिंबच बघतं. आदित्य-एल१ वरची सोलेक्स आणि हेल१ओएस ही एक्स-रे उपकरणं पूर्ण सूर्याचा एकत्रित प्रकाश मोजतात, म्हणजे इमेज नाही पण फ्लेअर नक्की कधी चढला आणि किती कडक होता ते मिळतं. ही सगळी फुकटची पार्श्वभूमी आहे, तिच्यासाठी प्रपोजल लिहायची गरज नाही. प्रपोजल लागतं ते छोट्या फील्डवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांना एका वेळी सूर्याचा छोटाच तुकडा दिसतो त्यांच्यासाठी, कारण त्यांना कुठे बघायचं ते कोणीतरी सांगावं लागतं.

कोण किती आधी ठरवतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नवीन लोक नेमका हाच वगळतात.

सगळ्यात हळू सोलर ऑर्बिटर. २०२० च्या फेब्रुवारीत सुटलेलं हे यान सूर्याच्या ०.२८ एयू (१ एयू म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) इतकं जवळ जातं. त्याची दुर्बिणीवाली उपकरणं सगळ्यात जोमाने चालतात ती ठरावीक विंडोजमध्ये, बहुतेक पेरिहेलिअनच्या, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळच्या बिंदूच्या, आसपास. कुठल्या विंडोमध्ये कुठला ऑब्झर्व्हिंग प्लॅन चालणार, किती डेटा घेणार, हे कित्येक महिने आधी ठरतं, मग ते टप्प्याटप्प्याने पक्कं होत जातं आणि नेमकं कुठे बघायचं तेवढंच शेवटच्या काही दिवसांत बदलता येतं. शिवाय त्याच्यावरच्या सगळ्या दुर्बिणी एकाच दिशेला बघतात, कारण वळतं ते अख्खं यान. म्हणजे एकाला डाग हवा आणि दुसऱ्याला सूर्याची कड हवी हे जमत नाही. तुमच्या कॅम्पेनमध्ये सोलर ऑर्बिटर असेल तर तारखा तोच ठरवणार, ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

त्यानंतर आल्मा, चिलीमधला रेडिओ दुर्बिणींचा ॲरे. तिथे प्रपोजलची फेरी वर्षातून एकदाच येते, सूर्य बघता येतो तो ॲरे आटोपशीर रचनेत असतानाच, आणि फील्ड इतकं छोटं की ३ मिलिमीटरला एका पॉइंटिंगमध्ये साधारण १ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग) आणि १.२५ मिलिमीटरला २५ आर्कसेकंदच (६० आर्कसेकंद म्हणजे १ आर्कमिनिट) मिळतात. डीकेआयएसटीचंही तसंच, ठरावीक मुदतीत प्रपोजल, आणि मंजूर झालं तरी ऑब्झर्व्हेशन बऱ्याचदा तिथलेच लोक योग्य हवा आणि योग्य टार्गेट बघून करतात, तुम्ही तिथे जाऊन बसत नाही.

मधल्या वेगाचे म्हणजे हिनोडे आणि आयरिस. २००६ चं हिनोडे आणि २०१३ चं आयरिस, दोन्ही पृथ्वीजवळच्या कक्षेत. दोघांसाठीही बाहेरचं कोणीही प्रस्ताव देऊ शकतं, हिनोडेच्या प्लॅनला हॉप म्हणतात आणि दोघं मिळून असतील तर आयहॉप, प्रत्येकाला नंबर मिळतो. प्रस्ताव काही आठवडे ते महिने आधी द्यायचा पण टार्गेट मात्र साधारण आदल्या दिवशी ठरतं, कारण कमांड्सची टाइमलाइन बनवून वर पाठवावी लागते. लक्षात ठेवायची बाब अशी की प्लॅनिंग कामाच्या दिवशीच होतं, वीकेंडचं पॉइंटिंग शुक्रवारीच जातं. रविवारी नवीन डाग फुटला तर सोमवारपर्यंत वाट बघायची. म्हणून कॅम्पेनचा मुख्य दिवस रविवार किंवा सोमवार कधीच ठेवू नका, मंगळवार ते शुक्रवार ठेवा.

आणि सगळ्यात चपळ म्हणजे जमिनीवरच्या दुर्बिणी, ला पाल्मावरची १ मीटरची स्वीडिश दुर्बीण, तेनेरिफेवरची दीड मीटरची ग्रेगॉर, बिग बेअरची १.६ मीटरची गूड दुर्बीण. ह्यांना पाच मिनिटांत दुसरीकडे वळवता येतं. म्हणूनच ह्यांनी शेवटी ठरवायचं आणि इतरांच्या मागे जायचं. जमिनीवरच्या ऑब्झर्व्हरला समोर जास्त सुंदर डाग दिसतो आणि वळायचा मोह होतो, तो मोह आवरायला आधीच सांगून ठेवा.

वेळा जुळवणं

सगळं यूटीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेत. स्थानिक वेळ मेसेजमध्ये लिहायचीच नाही, कंसातसुद्धा नाही.

मग एक तक्ता करा, आडवे २४ तास, उभी उपकरणं. ला पाल्मा उन्हाळ्यात साधारण ७:३० यूटीपासून चालू होते आणि संध्याकाळी १९ च्या आसपास संपते, सीइंग (हवेची स्थिरता) चांगलं मिळतं ते बहुतेक सकाळी. हवाईत सूर्य उगवतो तोच १६ यूटीला, काम सुरू व्हायला १७ तरी वाजतात. म्हणजे ला पाल्मा आणि हवाई दोन्ही एकत्र हवेत तर उन्हाळ्यात जेमतेम दोन तास, आणि तेही एकीकडे संध्याकाळच्या हलत्या हवेत. त्यापेक्षा एकानंतर दुसरं असा रिले ठेवला तर एकाच रिजनचे सलग १५ तास मिळतात, आणि फ्लक्स इमर्जन्ससारख्या (नवं चुंबकीय क्षेत्र वर येण्यासारख्या) हळू गोष्टीसाठी तेच जास्त उपयोगाचं. एकाच वेळी आणि पाठोपाठ, ह्यातलं तुम्हाला नक्की काय हवंय ते इथेच ठरवून टाका.

यानांचीही रात्र असते. हिनोडे आणि आयरिस सूर्यसमकालिक कक्षेत आहेत त्यामुळे वर्षातले बरेच महिने त्यांना सूर्य अखंड दिसतो, पण हिनोडेला साधारण मे ते ऑगस्ट आणि आयरिसला साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रत्येक फेरीत पृथ्वी आड येते. फेरी साधारण ९८ मिनिटांची, म्हणजे सलग टाइम सिरीज तुटते. एसडीओला मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास ग्रहणाचा सीझन असतो, दिवसाला जास्तीत जास्त ७२ मिनिटं, आणि ते होतं ७ यूटीच्या आगेमागे. म्हणजे उदयपूरला भर दुपार आणि ला पाल्माला सकाळ सुरू व्हायची वेळ. सप्टेंबरमध्ये कॅम्पेन ठेवून नेमके तेच तास एआयएमध्ये रिकामे निघालेले बघायला कोणालाच आवडत नाही, म्हणून आधी कॅलेंडर बघा. शिवाय हिनोडे-आयरिस दक्षिण अटलांटिकवरून जाताना रेडिएशनमुळे इमेजवर पांढरे ठिपके पडतात, तो वेळही प्लॅनर टाळतात किंवा कमी महत्त्वाच्या कामाला देतात.

टार्गेट निवडणं

रोज ००:३० यूटीला अमेरिकेचं नोआ हे हवामान खातं दिसणाऱ्या सगळ्या रिजन्सचा तक्ता काढतं: नंबर, जागा, क्षेत्रफळ, आणि माउंट विल्सन वर्ग. अल्फा म्हणजे एकच पोलॅरिटी, बीटा म्हणजे दोन स्पष्ट वेगळ्या, गॅमा म्हणजे दोन्ही मिसळलेल्या, आणि डेल्टा म्हणजे एकाच पेनम्ब्राच्या (डागाच्या फिकट कडेच्या) आत विरुद्ध पोलॅरिटीचे अम्ब्रा (काळे गाभे). मोठे फ्लेअर हवे असतील तर बीटा-गॅमा-डेल्टा शोधायचा, ही झाली ढोबळ रीत.

पण ढोबळच. २०१४ च्या ऑक्टोबरमधला १२१९२ हा २४ व्या सौरचक्रातला सगळ्यात मोठा डागसमूह होता, त्याने बिंबावरून जाताना सहा एक्स वर्गाचे, म्हणजे सगळ्यात ताकदवान गटातले, फ्लेअर दिले, आणि तरीही त्या एक्स फ्लेअर्सबरोबर दखल घ्यावी असा कोरोनल मास इजेक्शन (बाहेर फेकला जाणारा प्लाझ्माचा मोठा ढग) निघाला नाही. तुमचा प्रश्न इजेक्शनबद्दल असता तर आकार बघून केलेली ती निवड फसली असती. उलट बाजूला २०१७ च्या सप्टेंबरमधला १२६७३, जो आधी एकच साधा, म्हातारा होत चाललेला डाग होता, मग त्याच्या शेजारी दोन-तीन दिवसांत प्रचंड वेगाने नवं चुंबकीय क्षेत्र वर आलं आणि ६ सप्टेंबरला एक्स ९.३ झाला. त्याच्या चार दिवस आधी टार्गेट लॉक करणाऱ्याने त्याच्याकडे बघितलंही नसतं. म्हणून मी वर्गापेक्षा बदलाकडे जास्त बघतो: एचएमआयची गेल्या २४ तासांची मॅग्नेटोग्रामची मूव्ही लावा आणि नवीन फ्लक्स कुठे वर येतोय, विरुद्ध पोलॅरिटीचे तुकडे एकमेकांना घासत कुठे चाललेत ते बघा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगून जातं.

आता हळू भागीदार असेल तर काय, कारण त्याला आठवडाभर आधी सांगायचं असतं. तिथे दोन आधार आहेत. एक म्हणजे सूर्याच्या मागच्या बाजूचे नकाशे, गाँग आणि एचएमआय सूर्याच्या कंपनांवरून पलीकडचे मोठे रिजन ओळखतात. दुसरा म्हणजे सोलर ऑर्बिटर स्वतःच पलीकडे असेल तेव्हा त्याच्या इमेजेस. २०२४ च्या मे महिन्यात १३६६४ ने १० तारखेचं ते प्रचंड भूचुंबकीय वादळ आणलं, मग तो पश्चिम कडेवरून पलीकडे गेला, तिथे सोलर ऑर्बिटरने त्याच्यावर लक्ष ठेवलं, आणि परत पृथ्वीच्या बाजूला आला तेव्हा १३६९७ असा नवीन नंबर मिळाला. एकच रिजन, दोन नंबर, हे ध्यानात असू द्या, नाहीतर जुनी माहिती शोधताना तो सापडत नाही.

दोन बाजूंनी बघायचं असेल तर रिजन दोघांनाही दिसायला हवा. पृथ्वी आणि सोलर ऑर्बिटर ह्यांच्यात ६० अंशांचा कोन असेल तर रिजन मध्यात कुठेतरी असा निवडा की दोघांपासूनही तो ४५ अंशांच्या आत राहील, कारण कडेजवळ व्हेक्टर मॅग्नेटोग्राम विश्वासार्ह राहत नाही. हा कोन फार कामाचा असतो. एकाच जागेवरून मोजलेल्या आडव्या चुंबकीय घटकाची दिशा १८० अंशांनी संदिग्ध राहते, ती सोलर ऑर्बिटरचं पीएचआय आणि एसडीओचं एचएमआय एकत्र वापरून थेट सोडवता येते, गृहीतकं धरावी लागत नाहीत.

आणि तुमच्याकडे खास कारण नसेल तर मॅक्स मिलेनियम ह्या कार्यक्रमाचं दिवसाचं टार्गेट घ्या. फ्लेअर अभ्यासणारे लोक रोज एक रिजन सुचवतात जेणेकरून जगभरचे ऑब्झर्व्हर तिकडेच बघतील. सगळेच एका ठिकाणी असले की योगायोगाने जुळलेला डेटासुद्धा भरपूर मिळतो.

कुठे म्हणजे नक्की कुठे

आता आकड्यांवर येऊ. समजा तक्त्यात तुमचा रिजन उत्तर १५, पूर्व ३० असा आहे. ही जागा आदल्या दिवशीच्या २४:०० यूटीची असते, हे पहिलं ध्यानात घ्या. तुमचं ऑब्झर्व्हेशन आहे त्यानंतर २० तासांनी.

सूर्याची त्रिज्या आकाशात साधारण ९६० आर्कसेकंद. पूर्व ३० अंश म्हणजे एक्स (बिंबाच्या मध्यापासूनचं पूर्व-पश्चिम अंतर, पूर्वेला उणे) साधारण उणे ४६४ आर्कसेकंद. पण त्या अक्षांशाला सूर्य पृथ्वीवरून बघताना दिवसाला १३.२ अंशांच्या आसपास फिरतो, २० तासांत ११ अंश, म्हणजे रिजन आता पूर्व १९ ला आला आणि एक्स झाला उणे ३०२. फरक १६२ आर्कसेकंद. आयरिसची स्लिट-जॉ इमेज (स्लिट ह्या अरुंद फटीच्या आजूबाजूचं चित्र) १७५ आर्कसेकंद रुंद असते, म्हणजे मध्यापासून जेमतेम ८७. जुनाच आकडा पाठवला असता तर रिजन फ्रेमच्या पूर्ण बाहेर.

वाय, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर, बघा आता. सूर्याचा अक्ष वर्षभर आपल्याकडे थोडा झुकतो आणि थोडा लांब जातो, बी-शून्य ह्या कोनाने, अधिक-उणे ७.२५ अंशांपर्यंत. हाच उत्तर १५, पूर्व १९ वरचा रिजन सप्टेंबरच्या सुरुवातीला वाय अधिक १३६ ला दिसेल आणि मार्चच्या सुरुवातीला अधिक ३५७ ला. हाताने हिशोब करू नका, सनपाय किंवा सोलरसॉफ्ट ह्या सॉफ्टवेअरमधलं डिफरेन्शियल रोटेशनचं (अक्षांशाप्रमाणे बदलणाऱ्या फिरण्याच्या वेगाचं) फंक्शन वापरा, पण उत्तर डोळ्यांनी तपासण्याइतकं गणित डोक्यात असू द्या. मध्यावर रिजन तासाला साधारण १० आर्कसेकंद पश्चिमेला सरकतो, एवढं पाठ असलं तरी ढोबळ चुका पकडता येतात.

आदित्य-एल१ आणि सोहो ही यानं एल१ बिंदूला आहेत, म्हणजे सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटर जवळ, अंतराच्या १ टक्का. तिथून सूर्य १ टक्का मोठा दिसतो. उणे ३०२ तिथे उणे ३०५ होतं. मोठ्या फील्डला ह्याने काही बिघडत नाही पण कडेजवळ हाच फरक १० आर्कसेकंदांच्या जवळ जातो. सोलर ऑर्बिटरला तर पृथ्वीचे एक्स-वाय द्यायचेच नाहीत, त्याला कॅरिंग्टन (सूर्याबरोबर फिरणाऱ्या जाळीतले) रेखांश-अक्षांश आणि वेळ द्या, बाकीचं ते लोक काढतात. जमिनीवरच्या दुर्बिणीला पी-अँगल आणखी वेगळा, आकाशातली उत्तर आणि सूर्याची उत्तर ह्यांच्यात २६ अंशांपर्यंत फरक असतो.

आणि पॉइंटिंग डागाच्या मध्यावर द्यायचं की पोलॅरिटी इन्व्हर्जन लाइनवर? फ्लेअरसाठी जवळजवळ नेहमीच लाइनवर. फक्त नंबर आणि एक्स-वाय पाठवू नका, एचएमआयच्या चित्रावर फील्डचे चौकोन काढून ते चित्रच पाठवा. मोठ्या रिजनमध्ये "मागच्या डागाजवळ" ह्याचा अर्थ तिघं तीन प्रकारे घेतात, चौकोन बघितला की शंका राहत नाही.

रोजचा मेसेज छोटा आणि दर वेळी त्याच साच्यात असावा. असा काहीसा:

टार्गेट कालचाच, बदल नाही. २०:०० यूटीला एक्स उणे ३०२, वाय अधिक १३६, पृथ्वीवरून. एल१ साठी उणे ३०५, अधिक १३७. ट्रॅकिंग चालू. मध्य इन्व्हर्जन लाइनच्या दक्षिण टोकावर, चित्र जोडलंय. मुख्य वेळ १८:०० ते २१:०० यूटी. पुढचा मेसेज उद्या १३:०० यूटीला, तोपर्यंत हेच पॉइंटिंग.

शेवटचं वाक्य विसरायचं नाही. मेसेज आला नाही तर काय करायचं हे प्रत्येकाला माहीत हवं.

प्रत्येकाने काय घ्यायचं

स्लिटवाल्या उपकरणांत (अरुंद फटीतून स्पेक्ट्रम घेणाऱ्या) जागा आणि वेळ ह्यांची सतत ओढाताण असते. आयरिसची स्लिट ०.३३ आर्कसेकंद रुंद. ०.३५ च्या ६४ पावलांचा दाट रास्टर (स्लिट सरकवत केलेला नकाशा) घेतला, प्रत्येक पावलाला ५ सेकंद, तर २२ आर्कसेकंदांची पट्टी व्हायला ३२० सेकंद लागतात. एवढ्या वेळात फ्लेअरचा रिबन (उजळ पट्टा) पट्टी ओलांडून निघूनही गेलेला असतो. तेच २ आर्कसेकंदांची १६ पावलं घेतली तर मधल्या जागा सुटतात पण ८० सेकंदांत परत येता. फ्लेअरसाठी मी नेहमी दुसरं निवडेन, शांत लूप्सचा नकाशा हवा तर पहिलं. हिनोडेच्या ईआयएस ह्या स्पेक्ट्रोमीटरला आणि स्पेक्ट्रोपोलॅरिमीटरला तर आणखी वेळ लागतो, म्हणून मोठा नकाशा मुख्य वेळेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्यायचा, आणि मधे छोटा वेगवान कार्यक्रम चालवायचा. हे सँडविच जवळपास प्रत्येक कॅम्पेनला बसतं.

सगळ्यांची स्लिट आणि छोटी फील्ड्स एकमेकांवर पडतायत ना हे चौकोनांच्या चित्रात बघा. आणि वेळेचा मेळ असा की सगळ्यात हळू रास्टरच्या एका फेरीत वेगवान उपकरणाच्या पूर्ण संख्येत फेऱ्या बसाव्यात, मग नंतर जुळवणं सोपं जातं.

डेटाचं बजेट विचारून घ्या. यानावरची मेमरी आणि खाली पाठवायची क्षमता मोजकी असते, तीन तास पूर्ण वेगात घेतलं तर उरलेला दिवस काटकसरीत काढावा लागतो.

त्या दिवशी

एकच माणूस निर्णय घेणारा, आणि त्याचा पर्यायी माणूस. बाकी सगळे सुचवतील, पण टार्गेट बदलायचं की नाही हे एकानेच सांगायचं, आणि बदलायची शेवटची वेळ आधी ठरलेली असावी. माझा कल स्पष्ट आहे: मुख्य वेळ सुरू झाल्यावर टार्गेट बदलायचं नाही, शेजारच्या रिजनने एम वर्गाचा (एक्सच्या खालोखालचा) फ्लेअर दिला तरी नाही. फ्लेअरचा सुरुवातीचा जोरदार टप्पा काही मिनिटांत संपतो, तुम्ही वळेपर्यंत तो गेलेला असतो, आणि जे हातात होतं तेही तुटतं. २९ मार्च २०१४ ला १२०१७ मध्ये १७:४८ यूटीच्या सुमाराला एक्स १ झाला तेव्हा एसडीओ, आयरिस, हिनोडे, र्‍हेसी हे एक्स-रे यान आणि न्यू मेक्सिकोतली डन दुर्बीण, सगळी त्याच जागेकडे आधीपासून बघत होती. म्हणून तो आजही सगळ्यात नीट टिपलेल्या एक्स फ्लेअर्सपैकी एक मानला जातो. फ्लेअर झाल्यावर कोणी धावत आलं नव्हतं.

जमिनीवर ढग आले तर? यानांनी आपलं चालू ठेवायचं. जमिनीवरच्या टीमने दर अर्ध्या तासाला दोन शब्द लिहायचे, सीइंग कसं, ढग कधी ते कधी, ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने (हवेची थरथर भरून काढणाऱ्या यंत्रणेने) कशावर लॉक केलंय. अम्ब्राच्या कडेवर लॉक छान बसतो, सूर्याच्या कडेबाहेर जवळजवळ बसत नाही, त्यामुळे कडेवरचा प्लॅन असेल तर हे आधीच विचारा. हा लॉग नंतर सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण सहा महिन्यांनी १८:४० ते १८:५५ मध्ये डेटा का खराब आहे हे कोणालाच आठवत नाही.

डेटा हातात आल्यावर

पहिलं काम वेळ एक करणं. एल१ ला प्रकाश पृथ्वीपेक्षा ५ सेकंद आधी पोचतो, हे बहुतेकदा सोडून देता येतं. पण सोलर ऑर्बिटर ०.३ एयू वर असेल तर त्याला तीच घटना जवळजवळ ५ मिनिटं ४९ सेकंद आधी दिसते. त्याच्या फाइलच्या हेडरमध्ये पृथ्वीची तुल्य वेळ दिलेली असते, तीच वापरा. फ्लेअरमध्ये ६ मिनिटं म्हणजे अख्खी गोष्ट.

दुसरं काम जागा एक करणं. हेडरमधले एक्स-वाय ही सुरुवात असते, शेवट नाही, यानं कक्षेत तापतात-थंड होतात तसं पॉइंटिंग काही आर्कसेकंदांनी सरकतं. रीत अशी की एसडीओला सगळ्यांचा पाया धरायचं आणि प्रत्येकाला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या चॅनेलशी जोडायचं. जमिनीवरची दृश्य प्रकाशातली वाइडबँड इमेज एचएमआयच्या कंटिन्युअमशी, आयरिसची १४०० अँगस्ट्रॉमची स्लिट-जॉ एआयएच्या १६०० शी, कॅल्शियमची एआयएच्या १७०० शी. क्रॉस-कोरिलेशन (एक इमेज दुसरीवर सरकवत जुळवणं) करायच्या आधी जास्त रिझोल्यूशनवाली इमेज एसडीओच्या पातळीपर्यंत धूसर करा, नाहीतर उत्तर भरकटतं. जमिनीच्या इमेजमध्ये फिरण्याचा कोन आणि स्केल दोन्ही मोकळे सोडा. थेट एच-अल्फा आणि एआयएचं १७१ जुळवायचा प्रयत्न करू नका, दोन्हींत दिसतं ते वेगळ्या उंचीवरचं आणि वेगळ्या तापमानाचं, जुळल्यासारखं वाटतं आणि चुकीचं असतं.

दोन वेगळ्या कोनांतून घेतलेल्या इमेजेस रिप्रोजेक्ट करताना (एकाच कोनातून बघितल्यासारख्या करताना) सॉफ्टवेअर सगळं सूर्याच्या पृष्ठभागावर आहे असं धरतं. डागांसाठी ते ठीक. कोरोनातल्या लूप्ससाठी नाही, त्या उंच असतात म्हणून बाजूला सरकलेल्या दिसतात, आणि त्या सरकण्यावरूनच त्यांची उंची काढता येते.

सोलर ऑर्बिटरचा पूर्ण डेटा खाली यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोपर्यंत बाकीचा डेटा जुळवून ठेवा आणि सगळ्यांसाठी एकच पान बनवा: प्लॅन नंबर, वेळा, फील्डचे चौकोन, लॉग, आणि कोणाचा डेटा वापरताना कोणाला विचारायचं. लेखकांची यादी कशी ठरणार हेही ह्याच पानावर कॅम्पेनच्या आधी लिहून टाका.

प्रपोजल लिहायच्या आधी सराव करायचा असेल तर २९ मार्च २०१४ चा आयरिस डेटा उघडा. तो सगळ्यांना खुला आहे आणि आयरिसच्या शोधपानावर त्याच फील्डचे कापून जुळवलेले एआयएचे क्यूबही (वेळेप्रमाणे रचलेल्या इमेजेस) मिळतात. आधी ते क्यूब न बघता कच्च्या एआयए इमेजेसवरून स्वतः जुळवा, मग त्यांच्या उत्तराशी ताडून बघा. २ आर्कसेकंदांपेक्षा जास्त फरक आला तर आधी वेळ तपासा, मग डिफरेन्शियल रोटेशन, मग स्केल, ह्याच क्रमाने.